रेणूचं मॉडेल चाळीस पडद्यांवर एकत्र कसं फिरवायचं?

षट्कोनी

ऑनलाइन तासाला रेणूंची त्रिमितीय मॉडेल्स वापरायची आहेत: हिमोग्लोबिन, डीएनए, आणि थोडी सेंद्रिय रसायनातली कायरल (स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेवर न बसणारी) संयुगं. स्क्रीन शेअर केली तर विद्यार्थ्यांना चित्र दिसतं, पण मॉडेल त्यांच्या हातात येत नाही. फाइल वाटली तर जो तो आपापल्या कोनातून बघतो. मग "डावीकडचा हिस्टिडीन बघा" म्हटलं की चाळीस जणांची डावी बाजू चाळीस दिशांना!

हवंय ते असं: शिक्षकाने फिरवलं की सगळ्यांकडे फिरावं, मध्येच कुणाला स्वतः फिरवून बघता यावं, आणि एक बटण दाबलं की परत शिक्षकाच्या दृश्यावर येता यावं. निम्मे विद्यार्थी मोबाइलवर असतील. जेएसमोल आणि थ्रीडीमॉल या ब्राउझरमधल्या दोन्ही रेणू-दर्शकांची तोंडओळख आहे, वेबसॉकेटचा (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीचा) साधा सर्व्हर चालवता येतो. नेमकं काय पाठवायचं, किती वेळा पाठवायचं, आणि गाडी कुठे अडते?

कार्बनकॉपी

एवढा खटाटोप कशाला? स्क्रीन शेअर करा, रेणू फिरवा, विषय संपवा. चाळीस जणांच्या हातात मॉडेल दिलं की एकोणचाळीस जण ते भिंगरीसारखं फिरवत बसणार आणि एक जण झोपणार.

चतुष्क

@कार्बनकॉपी, फिरवत बसले तरी चालेल, त्याशिवाय आर आणि एस (कायरल केंद्राच्या दोन मांडण्या) डोक्यात शिरत नाहीत. :)

षट्कोनी, चित्र पाठवू नका, दृश्याची अवस्था पाठवा. रेणू प्रत्येकाच्या यंत्रावर आधीच उतरलेला असतो, त्यामुळे "कुठून बघायचं" एवढंच कळवावं लागतं. थ्रीडीमॉलचं गेटव्ह्यू फक्त आठ आकडे देतं: स्थानाचे तीन, झूमचा एक आणि क्वाटर्नियनचे, म्हणजे मॉडेल कसं फिरलंय ते सांगणाऱ्या संचाचे, चार. पलीकडे तेच आठ सेटव्ह्यूला दिले की काम झालं. इतर दर्शकांपैकी एनजीएलमध्ये सोळा आकड्यांचं मॅट्रिक्स मिळतं, पायमॉलच्या गेट-व्ह्यूत अठरा आकडे असतात, मोल-स्टारमध्ये कॅमेऱ्याची जागा, लक्ष्य आणि वरची दिशा. जेएसमोलला ओरिएंटेशन-इन्फो हा गुणधर्म विचारला की मूव्हटूचा आदेशच आयता हातात पडतो.

हिशेब करून बघा. आठ आकडे जेसनमध्ये (साध्या मजकुराच्या रूपात) साधारण १५० बाइट. सेकंदाला १५ वेळा पाठवले तर २२५० बाइट, म्हणजे १८ किलोबिट. चाळीस जणांना वाटायला सर्व्हरकडून ७२० किलोबिट. एका विद्यार्थ्याच्या स्क्रीन शेअरिंगलाही एवढं सहज लागतं.

दर्शक मात्र सगळ्यांकडे एकच ठेवा. एकीकडे एनजीएल आणि दुसरीकडे थ्रीडीमॉल असा संसार मांडलात तर केंद्र, अंतर आणि अक्षांची दिशा यांची भाषांतरं करण्यात जन्म जाईल.

मोकळा इलेक्ट्रॉन

जेएसमोलबद्दल एक इशारा. तो वेबजीएल (ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेणारं ब्राउझरचं तंत्र) वापरत नाही, साध्या कॅनव्हासवर प्रोसेसरच्या जिवावर चित्र काढतो. इथेनॉल, ग्लुकोज, बेन्झीनला उत्तम. हिमोग्लोबिनचे साडेचार हजारांहून जास्त अणू मोबाइलवर फिरवायला लागलात की धापा टाकतो. प्रथिनं दाखवायची असतील तर थ्रीडीमॉल किंवा मोल-स्टार.

आणि जेएसमोलच्या सिंक आदेशाला भुलू नका. तो एकाच पानावरच्या दोन खिडक्या जोडण्यासाठी आहे, उदाहरणार्थ शेजारीशेजारी डी आणि एल अलानिन. दुसऱ्या संगणकापर्यंत निरोप नेण्याचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं.

लघुकोन

क्वाटर्नियनच कशाला? एक्स, वाय, झेड असे तीन कोन पाठवले तर एक आकडा वाचेल, वाचायलाही सोपं.

चतुष्क

वाचतो एक आकडा आणि जाते सगळी शांती. मधला कोन ९० अंशांच्या जवळ आला की उरलेले दोन अक्ष एकमेकांवर बसतात, त्या जागेवरून जाताना मॉडेल गर्रकन गिरकी घेतं. शिवाय दोन निरोपांच्या मधल्या स्थिती काढायच्या असतील तर तिन्ही कोन वेगवेगळे सरकवून वाटेत भलतीच दिशा दिसते.

क्वाटर्नियनमध्ये स्लर्प करून (दोन स्थितींच्या मधल्या स्थिती समान वेगाने काढून) गुळगुळीत फिरवता येतं. त्यातही दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, क्यू आणि उणे क्यू ही एकच स्थिती. आधीच्या आणि नव्या क्वाटर्नियनचा बिंदुगुणाकार ऋण आला तर नव्याची चारही चिन्हं उलटवा, नाहीतर मॉडेल दोन अंशांऐवजी ३५८ अंशांचा वळसा घालून येतं. (पडद्यावर रेणू उगाच एक कोलांटी मारतो ना, तो हाच प्रकार.) दुसरी, आकडे चार दशांशांपर्यंत तोडून पाठवलेत तर पलीकडे लांबी पुन्हा १ करून घ्या.

अवांतर: हॅमिल्टनला हे १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना सुचलं आणि त्याने सूत्र तिथल्या पुलाच्या दगडावर कोरलं. पहिलंवहिलं स्क्रीन शेअरिंग म्हणायचं ते.

कार्बनकॉपी

आणि तेव्हाही कुणाला काही कळलं नाही. चालू द्या.

सॉकेटराव

"किती वेळा" याचं उत्तर. माउस सेकंदाला शेकडो सूचना देऊ शकतो, त्या सगळ्या पाठवायच्या नसतात. सेकंदाला १० ते २० निरोप बास. घेणाऱ्याने मधलं अंतर स्वतः भरायचं: आलेली स्थिती लगेच न दाखवता सुमारे १०० मिलिसेकंद मागे राहून शेवटच्या दोन स्थितींच्या दरम्यान सरकायचं. १५ च्या वेगाने दोन निरोपांत ६७ मिलिसेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे एखादा उशिरा आला तरी धक्का बसत नाही.

इथे हमखास होणारी चूक: वेग आवरायच्या नादात शेवटचा निरोप गळतो. शिक्षक थांबतात, त्यांच्याकडे हीम (हिमोग्लोबिनमधला आयर्न धरणारा गट) समोर असतं, विद्यार्थ्यांकडे तेच पाच-सहा अंश कललेलं राहतं आणि नेमकी आयर्नला बांधलेली बाजू झाकली जाते. माउस सोडल्यावर शेवटची स्थिती मर्यादेला न जुमानता पाठवायचीच.

दुसरी चूक प्रतिध्वनीची. बऱ्याच दर्शकांत कोडने दृश्य बदललं तरी "दृश्य बदललं" ही सूचना वाजते. विद्यार्थ्याच्या यंत्राने शिक्षकाची स्थिती लावली, सूचना वाजली, त्याने ती सर्व्हरला पाठवली, सर्व्हरने परत सगळ्यांना वाटली... दहा सेकंदांत मॉडेलला हिवताप भरतो. बाहेरून आलेली स्थिती लावताना एक झेंडा उभारा आणि तो उभा असेपर्यंत काही पाठवू नका. त्याहून खात्रीचं म्हणजे सध्या नियंत्रण कुणाकडे आहे ते सर्व्हरनेच तपासावं आणि बाकीच्यांचे कॅमेऱ्याचे निरोप टाकून द्यावेत. ब्राउझरमधल्या तपासणीवर विसंबू नका.

अपवर्तन

सगळे कॅमेऱ्यावर बोलताहेत. खरी मारामारी तर रेणू एकच आहे की नाही इथे होते.

प्रोटीन डेटा बँक या रचनांच्या सार्वजनिक साठ्यातली ऑक्सिहिमोग्लोबिनची १एचएचओ ही नोंद घ्या. फाइलच्या असममित एककात (ज्यावरून सममितीने बाकीचा स्फटिक तयार होतो त्या भागात) फक्त एक अल्फा आणि एक बीटा साखळी आहे. चार साखळ्यांचा पूर्ण रेणू सममितीने तयार करावा लागतो, त्याला जैविक जुळणी म्हणतात. एकाने मूळ फाइल उघडली आणि दुसऱ्याने जुळणी, तर कॅमेरा तंतोतंत जुळूनही एकाला दोन साखळ्या दिसतात, दुसऱ्याला चार. केंद्रबिंदूही वेगळा, म्हणून "मध्यावर आणा" म्हटलं की दोघं दोन ठिकाणी. डिऑक्सीच्या (ऑक्सिजन नसलेल्या रूपाच्या) ४एचएचबीत चारही साखळ्या आहेत, सुरुवात त्यापासून करा.

मग अणूंची ओळख. "अणू क्रमांक ६४३ निवडा" असा निरोप कधीही पाठवू नका. एका दर्शकात मोजणी शून्यापासून, दुसऱ्यात एकपासून. कुणी पाण्याचे रेणू गाळले किंवा हायड्रोजन जोडले की क्रमांक सरकतात (क्ष-किरणांनी मिळालेल्या बहुतेक रचनांत हायड्रोजन नसतातच). ओळख साखळी, अवशेष (साखळीतलं अमिनो आम्ल) क्रमांक, अणूचं नाव अशी द्या: साखळी ए, हिस्टिडीन ८७, अणू एनई२. आयर्नला धरणारा अल्फा साखळीतला निकटचा हिस्टिडीन तो हाच, बीटात तो ९२ वा.

एमएमसिफ या डेटाबँकेच्या प्रकारच्या फाइलमध्ये साखळीची दोन नावं असतात, लेखकाने दिलेलं आणि डेटाबँकेने दिलेलं. प्रथिनाला बहुधा दोन्ही सारखीच दिसतात म्हणून फरक लक्षात येत नाही. हीमला मात्र लेखकाचं नाव ए, आणि डेटाबँकेचं वेगळंच अक्षर. कुठलं वापरायचं ते एकदा ठरवून निरोपाच्या आराखड्यात लिहून ठेवा.

षट्कोनी

वा, हे लक्षातच आलं नव्हतं. मग सगळ्यांकडे एकच फाइल आहे याची खात्री कशी करायची?

अपवर्तन

फाइल तुमच्याच सर्व्हरवर ठेवा आणि तिथूनच द्या. तास सुरू होताना चाळीस जणांनी बाहेरच्या डेटाबँकेवर एकदम तुटून पडायचं कारण नाही. फाइलचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) काढा, तोच फाइलच्या नावात टाका आणि "रेणू उघडा" या निरोपात पाठवा. ग्राहकाने (विद्यार्थ्याच्या ब्राउझरने) उतरवलेल्या फाइलचा हॅश जुळला तरच "तयार" कळवायचं. नावात हॅश असल्याने ब्राउझरच्या कॅशमधली जुनी फाइल गळ्यात पडत नाही. शिक्षकाच्या पडद्यावर "३७ तयार, ३ बाकी" असा आकडा दिसला की "सर, दिसत नाहीये" हे चाळीस वेळा ऐकावं लागत नाही.

लघुकोन

"सर, आवाज येत नाहीये" त्यावर हॅश आहे का?

सॉकेटराव

त्यावर ब्रह्मदेवाकडेही नाही.

वरच्या चर्चेला जोडून, निरोपांचे दोन वर्ग करा आणि त्यांची सरमिसळ करू नका. कॅमेरा, माउसची जागा, बोट दाखवणं हे क्षणभंगुर. एखादं गळलं तरी पुढचं येतंच, म्हणून जुनं बिनधास्त टाकून द्यायचं. पाठवण्याआधी सॉकेटचा बफर्ड-अमाउंट (अजून जायचा राहिलेला डेटा) बघा. तुंबला असेल तर हा कॅमेरा-निरोप सोडून द्या. "साखळी बी लपवा", "हीम काड्यांत दाखवा", "या दोन अणूंतलं अंतर मोजा" हे मात्र टिकाऊ. एकही गळता कामा नये आणि क्रम बदलता कामा नये. यांना सर्व्हरने चढता अनुक्रमांक द्यायचा. ग्राहकाला ४१ नंतर ४३ आला तर त्याने ४२ मागून घ्यायचा.

उशिरा येणाऱ्यासाठी सर्व्हरने पूर्ण अवस्था जवळ ठेवायची: रेणूचा हॅश, कुठल्या भागाला कुठली शैली, लेबलं, मोजमापं, शेवटचा कॅमेरा आणि शेवटचा अनुक्रमांक. नवा माणूस आला की आधी ही अवस्था, मग त्यापुढचे निरोप. सुरुवातीपासूनचे सगळे आदेश पुन्हा चालवू नका. तासाच्या चाळिसाव्या मिनिटाला आलेल्याच्या पडद्यावर अख्खा तास जलदगतीने पळतो.

मोकळा इलेक्ट्रॉन

वेबसॉकेट टीसीपीवर चालतं, एक पॅकेट हरवलं की मागची सगळी अडतात. कॅमेऱ्यासाठी वेबआरटीसीचा (ब्राउझर ते ब्राउझर थेट जोडणीचा) डेटा चॅनेल घ्या: ऑर्डर्ड बंद, मॅक्स-रिट्रान्समिट्स शून्य. गेलेलं गेलं, ताजं तेवढं पोचतं.

सॉकेटराव

तत्त्वतः मान्य, चाळीस जणांसाठी अमान्य. सगळ्यांनी सगळ्यांशी जोडायचं तर ४० × ३९ ÷ २ म्हणजे ७८० जोडण्या. फक्त शिक्षकाशी जोडलं तरी त्यांच्या ब्राउझरला चाळीस जोडण्या सांभाळाव्या लागतात. त्यातून काही विद्यार्थी कडक फायरवॉलमागे असतात, त्यांच्यासाठी निरोप मधून पुढे नेणारा टर्न सर्व्हर लागतोच. म्हणजे मधला सर्व्हर टळला नाहीच, वर स्टनचा (बाहेरून आपला पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) ३४७८ पोर्ट अडवणारी जाळी वेगळी. ४४३ वरचं वेबसॉकेट जवळपास कुठूनही जातं. आठ आकड्यांसाठी १०० मिलिसेकंदांचा उशीर कुणाला जाणवत नाही, हा काही नेमबाजीचा खेळ नाही.

मध्ये एनजिनएक्स (सर्व्हरपुढचा मध्यस्थ) असेल तर एचटीटीपी १.१ आणि अपग्रेडचे हेडर पुढे द्यायला विसरू नका. त्याची प्रॉक्सी-रीड-टाइमआउट मुळात ६० सेकंदांची असते. शिक्षक मॉडेल स्थिर ठेवून दोन मिनिटं बोलले की जोडण्या पटापट तुटतात. सर्व्हरने दर २५ सेकंदांनी पिंग करावं. तुटल्यावर परत जोडताना प्रत्येकाने थोडा यादृच्छिक उशीर ठेवावा, म्हणजे चाळीस जण एकाच क्षणी दार ठोठावणार नाहीत. आणि पान एचटीटीपीएसवर असेल तर सॉकेटही डब्ल्यूएसएसच हवं, साधं ब्राउझर उघडूच देत नाही.

मोकळा इलेक्ट्रॉन

ठीक. चाळीसला वेबसॉकेट. दोघातिघांच्या गटाला डेटा चॅनेल, एवढं तरी पदरात घ्या.

मोबाइलचं कुणी बोललं नाही अजून. उभ्या पडद्यावर कॅमेऱ्याचं तेच अंतर लावलं की रेणूच्या दोन्ही बाजू कापल्या जातात, कारण दृष्टिक्षेत्राचा कोन सहसा उभ्या दिशेने धरलेला असतो. म्हणून झूम टक्क्यांत किंवा पिक्सेलमध्ये न पाठवता "केंद्राभोवती एवढ्या अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोल दिसला पाहिजे" असं पाठवा. प्रत्येक यंत्राने तो गोल आपल्या पडद्याच्या लहान बाजूत बसवावा. हीमच्या खोबणीला १२ अँगस्ट्रॉम भरपूर.

टॅब मागे गेला की रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम (चित्र ताजं करायची ब्राउझरची सूचना) थांबतं, सॉकेटवर निरोप मात्र येत राहतात. ते रांगेत साठवलेत तर विद्यार्थी परतल्यावर मॉडेल पाच मिनिटांचं फिरणं एका दमात फिरतं. कॅमेऱ्याची रांग ठेवायचीच नाही, शेवटची एक स्थिती पुरे. टॅब पुन्हा दिसायला लागला की सर्व्हरकडून पूर्ण अवस्था मागवायची. मेमरी कमी पडली की फोन वेबजीएलचा संदर्भच काढून घेतो आणि पडदा काळा. वेबजीएल-कॉन्टेक्स्ट-लॉस्ट ही घटना पकडून प्रिव्हेंट-डिफॉल्ट केलं नाही तर तो परत मिळत नाही.

अपवर्तन

बोट दाखवण्याबद्दल: माउसची एक्स-वाय जागा पाठवून उपयोग नाही. शिक्षकाच्या रुंद पडद्यावर जिथे आयर्न आहे, तिथे मोबाइलवर पाणी असतं. शिक्षकाच्या यंत्रावर कुठला अणू टिपला ते ओळखायचं, त्याची ओळख पाठवायची आणि सगळीकडे त्या अणूभोवती अर्धपारदर्शक पिवळा गोल काढायचा. ज्याने मॉडेल स्वतः फिरवून ठेवलंय त्यालाही तो योग्य अणूवरच दिसतो. निम्मं काम यानेच होतं, कॅमेरा नाही जुळला तरी.

लघुकोन

समजा विद्यार्थ्यांनी मिळून रेणू *बांधायचा* आहे, फक्त बघायचा नाही. मग? वायजेएस (सगळ्यांचे बदल आपोआप एकत्र करणारी लायब्ररी) लावलं की झालं?

चतुष्क

वायजेएस किंवा ऑटोमर्ज तुम्हाला एवढीच हमी देतं की शेवटी सगळ्यांकडे एकच रेणू असेल. तो रसायनात शक्य आहे की नाही याची हमी कुणी घेतलेली नाही. मिथाइल गटाच्या एका हायड्रोजनच्या जागी एकीने क्लोरीन लावला, त्याच क्षणी दुसऱ्याने त्याच जागी ओएच. दोघांनीही तोच हायड्रोजन काढला, त्यामुळे तो एकदाच गेला. जोडण्या मात्र दोन्ही टिकल्या. झाला पाच हातांचा कार्बन, सगळ्यांच्या पडद्यावर अगदी एकमताने!

म्हणून बदल कृतीच्या रूपात सर्व्हरकडे न्यायचा: "या हायड्रोजनच्या जागी हा गट". सर्व्हरने संयुजा तपासायची, पहिला मान्य, दुसरा नाकारलेला, आणि नाकारल्याचं कारण त्या विद्यार्थ्याला दिसलं पाहिजे. शिकवण्याच्या दृष्टीने तो नकारच जास्त मोलाचा.

आणि ऊर्जा कमी करून आकार सुधारायचा असेल तर ते गणित प्रत्येक यंत्रावर वेगवेगळं करू नका. सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, बेरजांचा क्रम, प्रोसेसर, कशानेही उत्तर फाटतं. एकाकडे सायक्लोहेक्सेन खुर्चीत बसतं आणि दुसऱ्याकडे मुरडलेल्या नावेत अडकतं. गणित एकाच ठिकाणी करून निर्देशांक वाटा. हजार अणूंना ३२ बिटांत १२ किलोबाइट लागतात. ०.०१ अँगस्ट्रॉमच्या पायरीने १६ बिटांच्या पूर्णांकात बसवलं तर ६, आणि मर्यादा दोन्ही बाजूंना ३२७ अँगस्ट्रॉम मिळते. डोळ्याला फरक कळत नाही.

मोकळा इलेक्ट्रॉन

जेएसमोलवाल्यांसाठी: स्क्रिप्टची ओळ जशीच्या तशी सगळ्यांना पाठवून चालवणं मोहाचं आहे, पण त्या स्क्रिप्टमध्ये जावास्क्रिप्ट चालवणारा आदेशही आहे. एखाद्या उत्साही विद्यार्थ्याला पाठवायची परवानगी मिळाली की चाळीस ब्राउझर त्याचेच. परवानगी असलेल्या क्रियांची छोटी यादी ठेवा (दाखवा, लपवा, रंग, शैली, मोजा) आणि स्क्रिप्ट प्रत्येक ग्राहकावरच त्यावरून तयार करा.

कार्बनकॉपी

एवढं सगळं वाचून थोडासा पाघळलोय. पण एक अडचण कुणीच सांगितली नाही. आवाज व्हिडिओ कॉलवरून येतो आणि मॉडेल तुमच्या सॉकेटवरून. कॉलचा आवाज पाव-अर्धा सेकंद मागे, मॉडेल आधीच फिरून मोकळं. शिक्षक "आता बघा" म्हणेपर्यंत विद्यार्थ्यांकडे बघून झालेलं असतं. शिवाय ज्याच्या जुन्या यंत्रावर वेबजीएल नाहीच, त्याचं काय?

सॉकेटराव

मुद्दा बिनतोड. सॉकेटरावांनी मागे राहण्याचे १०० मिलिसेकंद सांगितलेत, ते सेटिंगमध्ये ठेवून ३०० पर्यंत वाढवता आले पाहिजेत. ज्याला वेबजीएल नाही त्याला स्क्रीन शेअर. तुमची सूचना राखीव योजना म्हणून कायम ठेवली आहे.

कार्बनकॉपी

राखीव तर राखीव. (स्वतःचाच दाखला तिसऱ्या व्यक्तीत देणारे सॉकेटराव पहिल्यांदाच पाहिले.)

षट्कोनी

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं: परत यायचं बटण. विद्यार्थी मोकळा फिरवत असताना शिक्षकाने फिरवलं तर त्याचं दृश्य ओढून न्यायचं का?

चतुष्क

विद्यार्थ्याचं बोट मॉडेलवर असताना कधीच नाही. त्याने स्पर्श केला की "अनुसरण" आपोआप बंद, आणि कोपऱ्यात "शिक्षकांकडे परत" ठळक दिसलं पाहिजे. परत येताना उडी मारू नका. अर्ध्या सेकंदात स्लर्पने आणा, म्हणजे आपण रेणूच्या कुठल्या बाजूला होतो ते त्याला कळतं. शिक्षकाकडे "सर्वांना आणा" हे वेगळं बटण द्या, पण ते दाबल्यावरही चालू ड्रॅग संपेपर्यंत थांबा. साखळी लपवणं, रंग बदलणं असे टिकाऊ निरोप मात्र मोकळ्या विद्यार्थ्यालाही लागू करा. फक्त कॅमेरा त्याचा.

चाचणी घरच्या वेगवान जाळ्यावर करू नका, तिथे सगळंच चालतं. लिनक्सवर टीसीच्या नेटएमने (जाळं मुद्दाम बिघडवणाऱ्या साधनाने) १५० मिलिसेकंद उशीर, त्यात ५० ची चढउतार आणि दोन टक्के गळती लावा. दोन खिडक्या शेजारी ठेवा, एक टॅब दोन मिनिटं मागे ढकला, एक जोडणी मध्येच तोडा. मग दोन्हीकडचे गेटव्ह्यूचे आठ आकडे आणि शेवटचा अनुक्रमांक ताडून बघा. क्वाटर्नियन ताडताना चिन्ह उलटं निघालं तर घाबरू नका, वर सांगितलंय ते.